घरातले कुंभकर्ण, गल्लीतले नारद

पुराणातल्या, नाटकातल्या, कादंबरीतल्या पात्रांची नावं रोजच्या बोलण्यात माणसांच्या स्वभावाची नावं कशी होतात, यावर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी शाळेत मराठी शिकवते. 'कुंभकर्ण' हे विशेषनाम की सामान्यनाम, यावर दरवर्षी वर्गात वाद होतो. नावाचा शब्द नेमका कधी झाला असं म्हणायचं?

सुटं 'कुंभकर्ण' फळ्यावर लिहून याचं उत्तर देता येत नाही, वाक्य हवं. आणि वाक्यं एका ओळीत मांडली की मुलांना सगळा प्रवास दिसतो. 'तो कुंभकर्णासारखा झोपतो' ही उपमा झाली. इथे कुंभकर्ण अजून रावणाचा भाऊच आहे, आपण फक्त तुलना करतो आहोत. 'तो म्हणजे कुंभकर्णच' हे रूपक. 'सारखा' गळला, पण गोष्ट अजून मनात आहे. 'आमच्या घरात दोन कुंभकर्ण आहेत' म्हटलं की नावाची संख्या मोजता आली. विशेषनामाला एरवी अनेकवचन नसतं, म्हणून या ठिकाणी ते सामान्यनाम झालं असं निःशंकपणे लिहावं. चौथी पायरी 'कुंभकर्णी झोप'. आता नावाला प्रत्यय लागून विशेषण तयार झालं, आणि माणूस बाजूला राहून त्याचा गुण मोकळा फिरायला लागला.

सगळी नावं चौथ्या पायरीपर्यंत पोचत नाहीत आणि त्यामागे कधीकधी अगदी साधं, उच्चाराचं कारण असतं. 'कुंभकर्ण' अकारान्त आहे, त्याला 'ई' सहज लागते. 'शकुनी' आधीच ईकारान्त आहे. मग 'शकुनीचा डाव', 'शकुनीचे फासे' असे षष्ठीचे प्रयोग करावे लागतात. 'नारद'ला 'ई' लावता येते, पण 'नारदी' किंवा 'नारदीय' म्हटलं की कीर्तन डोळ्यांसमोर येतं. ती जागा आधीच भरलेली आहे, म्हणून कळ लावणाऱ्यासाठी 'कळीचा नारद' असा जोडशब्दच टिकला.

वर्गासाठी आणखी एक कसोटी सुचवतो. ज्या मुलाला मूळ गोष्ट अजिबात माहीत नाही, त्याला तो शब्द बरोबर वापरता येतो का ते पाहा. येत असेल तर शब्द गोष्टीपासून सुटला. सातवीतल्या कितीतरी मुलांना शेखचिल्ली कोण हे सांगता येणार नाही, पण 'शेखचिल्लीची मनोराज्यं' कुठे वापरायची ते चुकत नाही. आणि उलट्या अर्थाने वापरता येणं ही पक्केपणाची खूण. 'मोठा हरिश्चंद्र लागून गेलास!' हे खरं बोलणाऱ्याला कुणी म्हणत नाही.

प्रश्न : वर्तमानपत्रात एकाच माणसाला कधी शकुनी, कधी नारद, कधी मंथरा, तर कधी झारीतले शुक्राचार्य म्हटलेलं वाचतो. यांत फरक आहे की सगळे 'वाईट माणूस' याच अर्थाचे?

फरक आहे, मोठा आहे, आणि तो पुसला जाऊ नये असं आम्हांला मनापासून वाटतं. नुसतं वाईट म्हणायला 'दुष्ट', 'कपटी', 'लबाड' असे शब्द हाताशी होतेच. ही नावं शब्द झाली ती गुणासाठी नव्हे. माणूस दोघांच्या किंवा तिघांच्या मध्ये नेमकं काय करतो, ती जागा दाखवायला भाषेत एकटा शब्द नव्हता. पात्राच्या नावाने ती भरली.

नारद इकडची गोष्ट तिकडे सांगतो. त्याला स्वतःला भांडायचं नसतं. दोघांना भिडवून तो 'नारायण, नारायण' करत निघून जातो. म्हणून नारदाला भांडखोर म्हणणं चूक. भांडखोर माणूस भांडणात असतो, नारद भांडणाच्या बाहेर असतो.

शकुनी निघून जात नाही. तो घरातच असतो, नात्याने मामा, आणि ज्याचा सल्लागार त्याचाच शेवटी नाश करतो. द्यूताचं दृश्य बारकाईने पाहिलं तर शब्दाचा अर्थ कुठून आला ते कळतं. पणाला लावलेलं धन दुर्योधनाचं आहे, फासे मात्र शकुनी टाकतो. खेळ दुसऱ्याच्या नावावर आणि हात आपला. मराठीत 'शकुनीमामा' असा नात्यासकट शब्द रुजला त्याचं कारण हेच असावं. परका माणूस कितीही कपटी असला तरी त्याला शकुनीमामा म्हटलं तर कानाला खटकतं.

मंथरेचं काम कानाशी. अयोध्याकांडात रामाच्या अभिषेकाची बातमी ऐकून कैकेयीला आधी आनंदच झालेला असतो. बातमी आणली म्हणून ती मंथरेला दागिना देते. त्या आनंदी मनात मंथरा हळूहळू भीती ओतते, आणि जुन्या दोन वरांची आठवण करून देते. तेव्हा जिच्या किंवा ज्याच्या हातात सत्ता आहे, त्याचं समाधानी मन बिघडवणारी व्यक्ती म्हणजे मंथरा. सत्ता तिच्याकडे नसते, सत्तेचा कान तिच्याकडे असतो. शब्द स्त्रीलिंगी असला तरी हे काम पुरुषही करतात, आणि 'साहेबांच्या कानाशी बसलेली मंथरा' असं पुरुषाबद्दल लिहिलेलं चालतं.

झारीतले शुक्राचार्य या तिघांपेक्षा अगदी वेगळे. बळी वामनाला दान देण्यासाठी हातावर पाणी सोडणार, ते अडवायला शुक्राचार्य सूक्ष्म रूप घेऊन झारीच्या तोटीत जाऊन बसतात. वामन दर्भाच्या काडीने तोटी मोकळी करतो आणि शुक्राचार्यांचा एक डोळा जातो. देणारा तयार, घेणारा तयार, पाणीही आहे, तरी धार पडत नाही, आणि कोण अडवतंय ते बाहेरून दिसत नाही. मंजूर झालेलं काम आतल्या आत अडवून धरणारा, एवढ्याच अर्थाने हा शब्दप्रयोग करावा. उघड विरोध करणाऱ्याला झारीतले शुक्राचार्य म्हणणं साफ चूक, कारण तो झारीत नाही, समोर उभा आहे.

लिहिताना गोंधळ झाला तर तीन प्रश्न विचारावेत. हा माणूस दिसतो का? दिसत नसेल तर शुक्राचार्य. तो घटनेनंतर तिथे थांबतो का? निघून जात असेल तर नारद. तो स्वतः चाल खेळतो की दुसऱ्याला खेळायला लावतो? स्वतः खेळत असेल तर शकुनी, नुसता कान भरत असेल तर मंथरा.

प्रश्न : 'एकच प्याला'चा नायक सुधाकर. दारूने उद्ध्वस्त होतो तो तोच. मग दारुड्याला आपण सुधाकर का म्हणत नाही, तळीराम का म्हणतो?

फार चांगला प्रश्न. नाव शब्द कसं होतं हे समजून घ्यायला मराठीत याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

राम गणेश गडकऱ्यांचं हे नाटक त्यांच्या निधनानंतर १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. सुधाकर हुशार वकील, स्वाभिमानी, बायकोवर प्रेम करणारा. तो घसरतो, सावरतो, शपथ घेतो, पुन्हा घसरतो. त्याला एका शब्दात पकडताच येत नाही, कारण तो बदलत राहतो. पात्र जितकं माणसासारखं तितकं त्याचं नाव शब्द व्हायला अवघड जातं. तळीराम बदलत नाही. तो पहिल्यापासून पितो, दुसऱ्याला पाजतो, पिण्याचं समर्थन करतो, वर 'आर्य मदिरा मंडळ' काढतो. कुठल्याही प्रवेशात पाहा, तो तोच असतो. शब्दाला असा स्थिर अर्थ लागतो.

दुसरं कारण नावाचंच. सुधाकर नावाची माणसं घरोघरी होती, आजही आहेत. 'काल एक सुधाकर रस्त्यात पडला होता' असं म्हटलं तर ऐकणारा विचारेल, कुठला सुधाकर? तळीराम हे नाव कुणाच्या घरी नव्हतं, त्यामुळे घोटाळा होत नाही. शिवाय ते ऐकताना 'तळ' आणि 'राम' हे दोन ओळखीचे आवाज येतात. नाव नवं, पण जिभेला परकं नाही.

तिसरं कारण, शब्दाची गरज होती. 'दारुडा' तुच्छतेचा शब्द, 'मद्यपी' पुस्तकी. हसत बोलता येईल आणि छापताही येईल असा मधला शब्द हवा होता. म्हणून 'तळीरामांचा धिंगाणा', 'तळीरामांवर कारवाई' अशा मथळ्यांत तो इतका पक्का बसला की कित्येक वाचकांना तो नाटकातून आला हे ठाऊकही नसतं. त्यात एक नुकसानही झालं. नाटकातला तळीराम दुसऱ्याला बुडवणारा आहे, मथळ्यातला तळीराम नुसताच झिंगलेला. पाजणाऱ्याची छटा गळून गेली.

याच्याशेजारी आचार्य अत्रे यांच्या १९६२ च्या 'तो मी नव्हेच'मधला लखोबा लोखंडे ठेवून पाहा. नाव, वेश, धंदा बदलून फसवणूक आणि लग्नं करत फिरणारा माणूस पकडला गेला की बातमीत 'लखोबा' येतोच. पण या नाटकातून दोन गोष्टी निघाल्या. फसवणाऱ्यासाठी नाव, आणि हात झटकणाऱ्यासाठी वाक्य. 'तो मी नव्हेच अशी भूमिका घेतली' हे लिहिताना लखोबाची आठवणही लागत नाही. पात्राचं नाव जिथे अडखळतं तिथे त्याचं बोलणं पुढे जातं, असंही होतं.

प्रश्न : रोमिओ तर जीव देणारा खरा प्रेमी. मग 'रोडरोमिओ' हा शिवीसारखा शब्द कसा झाला? अशी आणखी नावं आहेत का, जी मूळ गोष्टीच्या उलट वापरली जातात?

नाव गोष्टीपेक्षा लांब जातं. ज्यांनी नाटक वाचलं नाही त्यांच्यापर्यंत 'रोमिओ म्हणजे प्रेमवीर' एवढंच पोचलं. मग कुणी केस वळवून मुलींच्या मागे फिरू लागला की लोक उपरोधाने म्हणाले, 'आला मोठा रोमिओ!' उपरोध पुष्कळ वेळा वापरला की झिजतो आणि उपरोधाचा अर्थच मुख्य अर्थ होतो. पुढे 'रोड' जोडला आणि छेड काढणारा हा अर्थ पक्का झाला. आज 'रोडरोमिओ'मधून प्रेम पूर्णपणे वजा झालेलं आहे. शेक्सपिअरच्या रोमिओवर अन्याय झाला हे खरं, पण शब्द आता स्वतंत्र आहे.

'मजनू'ची गंमत निराळी. अरबी परंपरेतल्या त्या प्रेमिकाचं नाव कैस. 'मजनून' म्हणजे झपाटलेला, वेडा. म्हणजे साध्या शब्दाचं नाव झालं, निजामीच्या ११८८ च्या फारसी काव्याने ते दूरवर नेलं, आणि आपल्याकडे येऊन ते नाव पुन्हा साधा शब्द झालं.

कुंभकर्णाच्या बाबतीत अर्थ उलटला नाही, आटला. रामायणात तो जागा झाल्यावर रावणाला त्याची चूक तोंडावर सांगतो आणि तरीही भावासाठी लढायला जातो. शब्दाने हे सगळं टाकून दिलं, झोप तेवढी ठेवली. बिभीषणाचं तर बाजू पाहून ठरतं. रामाच्या बाजूने पाहिलं तर तो न्यायाला साथ देणारा. घर फुटल्याचं दुःख असणाऱ्याच्या तोंडी मात्र तो घरभेदी.

काही नावं चुकीच्या पात्राला चिकटतात. १८१८ साली आलेल्या मेरी शेलीच्या कादंबरीत फ्रँकेनस्टाइन हा राक्षस तयार करणारा तरुण आहे. राक्षसाला नावच नाही. लोकांनी नाव राक्षसाला दिलं. बोलताना कुणी असं म्हटलं तर दुरुस्त करत बसू नये, अर्थ रूढ झालेला आहे. कादंबरीविषयी लिहिताना मात्र ही चूक चालणार नाही.

'मेंटॉर'कडे पाहून आम्हांला नेहमी कुतूहल वाटतं. होमरच्या 'ओडिसी'त मेंटॉर हा ओडिसियसचा म्हातारा मित्र. घर आणि मुलगा त्याच्या भरवशावर सोडलेला, पण त्याच्या हातून फारसं काही होत नाही. मुलाला खरी वाट दाखवते ती अथीना देवी, मेंटॉरचं रूप घेऊन. पुढे १६९९ मध्ये फेनेलॉनच्या फ्रेंच कादंबरीत मेंटॉर पानोपानी शिकवणारा गुरू झाला आणि तिथून शब्दाला वेग आला. म्हणजे कधीकधी जुन्या पात्राचं नाव नव्या पुस्तकामुळे शब्द होतं.

प्रश्न : मी मुद्रितशोधन करतो. इंग्रजीत मोठं अक्षर पाहून विशेषनाम कळतं. मराठीत मोठं अक्षर नाही. मग अशी नावं अवतरणात टाकावीत का? 'तळीरामने' की 'तळीरामाने'?

मराठीत मोठं अक्षर नसलं तरी त्याचं काम करणारी एक सोय आहे. ती म्हणजे सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्दात होणारा बदल. आजच्या मराठीत माणसाच्या नावाचं सामान्यरूप आपण बहुधा करत नाही, साध्या शब्दाचं करतो. 'आशाने दार उघडलं' म्हणजे आशा नावाच्या मुलीने. 'आशेने दार उघडलं' म्हणजे मनात आशा धरून. 'कविताला बोलवा' आणि 'कवितेला चाल लावा' यांतही हाच भेद आहे. एका मात्रेवरून कळतं की समोर माणूस आहे की शब्द.

हा नियम पात्रांच्या नावांना लावा. तळीराम नावाचं पात्र रंगमंचावर काय करतं हे सांगताना 'तळीरामने' चालेल. रस्त्यावरच्या कुणा दारुड्याविषयी लिहिताना 'तळीरामाने', 'तळीरामाला', 'तळीरामांनी' असंच करावं. पुराणातल्या नावांना हा भेद लागू होत नाही, कारण ती नावं जुन्या वळणाची आहेत आणि त्यांचं सामान्यरूप पात्र म्हणूनही होतं : सीतेने, मंथरेला, नारदाने. तिथे अनेकवचन, 'एक', 'कुणी', 'असले' या शब्दांवरून अर्थ ओळखायचा.

रूपं कुठे अडतात तेही पाहू. 'त्राटिका' : एकवचनी सामान्यरूप 'त्राटिकेला', अनेकवचन 'त्राटिका', पुढे 'त्राटिकांना'. 'लखोबा'चं 'लखोब्याला' करू नये. विठोबा, खंडोबा यांच्याप्रमाणे 'बा' तसाच राहतो : लखोबाला, लखोबांनी. 'रोमिओ'ला आडवळण काही नाही : रोमिओला, रोमिओंना.

अवतरणचिन्हांबद्दल आमचं मत ठाम आहे. रुळलेल्या नावाला चिन्ह नको. 'कळीचा नारद' अवतरणात टाकला की लेखक घाबरून लिहितो आहे असं वाटतं. नव्याने वापरात येणारं नाव पहिल्यांदा एकेरी अवतरणात, मग उघडं. जोडशब्द जोडूनच : शकुनीमामा, रोडरोमिओ, भीष्मप्रतिज्ञा.

'त्राटिका'विषयी एक गोष्ट आवर्जून. संस्कृतात ती ताटका किंवा ताडका. मराठीने नाव स्वतःच्या जिभेवर वळवलं, आणि कजाग बाई या अर्थी तेच वळलेलं रूप चाललं. त्यामुळे रामायणाच्या लेखात 'ताटका' आणि स्वभावाच्या वर्णनात 'त्राटिका' असा भेद सांभाळता आला तर उत्तम.

प्रश्न : इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करत आहे. एक पात्र दुसऱ्याला 'स्क्रूज' म्हणतं, पुढे 'पॉलियाना' येतं, 'जेकिल आणि हाइड' येतं. तसंच ठेवू की मराठी नावं घालू?

प्रत्येक नावाचा निर्णय वेगळा घ्यावा लागेल. आधी पाहा, बोलणाऱ्याला अर्थ सांगायचा आहे की पुस्तकाची आठवण करून द्यायची आहे. नुसता अर्थ असेल आणि मराठीत नेमका शब्द असेल तर तो घ्या. स्क्रूजसाठी 'कवडीचुंबक' इतका नेमका आहे की नाव सोडल्याचं दुःख होणार नाही. मात्र नाताळचा संदर्भ त्याच पानावर असेल तर 'स्क्रूज'च ठेवा, कारण डिकन्सची १८४३ ची ती गोष्ट नाताळचीच आहे आणि पुढचा विनोद तिच्यावर उभा असेल.

पॉलियाना ही १९१३ च्या कादंबरीतली मुलगी, प्रत्येक गोष्टीत आनंद मानण्यासारखं काहीतरी शोधणारी. मराठीत या जागी पात्राचं नाव नाही. नाव ठेवून वाक्यातच दोन शब्दांची मदत द्या : 'सगळं छानच दिसणारी पॉलियाना आहेस तू.' तळटीप देऊ नका. संवादात तळटीप आली की वाचक पात्रापासून तुटतो. जेकिल आणि हाइड मराठी वाचकाला बऱ्यापैकी ओळखीचे आहेत, तसेच राहू द्या. संदर्भ धूसर असेल तर 'एकाच अंगात दोन माणसं' असं उलगडून लिहा.

सगळ्यांत जास्त बिघडतं ते परक्या पात्राच्या तोंडी पुराण घातल्यावर. लंडनमधली म्हातारी शेजारणीला 'कळीची नारद' म्हणाली की अनुवादाचा सगळा बनाव एका शब्दात कोसळतो. निवेदकाच्या भाषेत मात्र थोडी मोकळीक आहे. 'आपणच उभा केलेला भस्मासुर' हा प्रयोग फ्रँकेनस्टाइनच्या लाक्षणिक अर्थाला जवळजवळ तंतोतंत बसतो. ज्याने वर दिला त्याच्याच डोक्यावर हात ठेवायला भस्मासुर धावतो. निबंधाच्या अनुवादात तो बेलाशक वापरावा, कादंबरीतल्या संवादात टाळावा.

प्रश्न : इतर भाषांतही पात्रांच्या नावांचे असे शब्द आहेत का?

भरपूर. मोलिएरचा तार्त्युफ १६६४ मध्ये रंगमंचावर आला आणि फ्रेंचमध्ये धार्मिकतेचं सोंग करणाऱ्याला तेच नाव मिळालं. गोंचारोवच्या १८५९ च्या रशियन कादंबरीतला ओब्लोमोव दिवाणावरून उठतच नाही. तिथे तर कादंबरीतलंच एक पात्र त्या वृत्तीला 'ओब्लोमोवश्चिना' असं नाव देतं. शब्द पुस्तकाच्या आतच घडला.

पण सगळ्यांत लांब गेलेलं नाव एका प्राण्याचं. जुन्या फ्रेंचमध्ये कोल्ह्याला 'गुपिल' म्हणत. बाराव्या शतकापासून रनार नावाच्या धूर्त कोल्ह्याच्या पद्यकथा लोकप्रिय झाल्या आणि होता होता साऱ्या कोल्ह्यांनाच 'रनार' म्हणू लागले. जुना शब्द जवळजवळ नाहीसा झाला. पात्राने आपल्या जातीचं नावच बदलून टाकलं.

प्रश्न : कुणाला त्राटिका, शिखंडी, शायलॉक म्हणणं योग्य आहे का? लेखात हे शब्द आले तर संपादकाने काय करावं?

एक पाहावं : शब्द माणसाच्या वागण्यावर बोट ठेवतो की त्याच्या जन्मावर, देहावर, जातीधर्मावर? नारद, शकुनी, कुंभकर्ण हे वागण्याविषयी आहेत. 'शिखंडी' आणि 'बृहन्नडा' हिणवायला वापरतात तेव्हा रोख देहाकडे असतो. शिवाय त्यात मोठं अज्ञान आहे, कारण बृहन्नडा म्हणजे अज्ञातवासातला अर्जुन. हे दोन्ही शब्द टोमणा म्हणून आले तर काढावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. 'शायलॉक' हा शेक्सपिअरच्या नाटकातला सावकार, आणि त्या नावात सावकाराच्या निर्दयपणाबरोबर त्याचा ज्यू धर्मही चिकटून येतो. व्याजाविषयी बोलायचं तर 'सावकारी पाश' पुरेसा आहे.

'त्राटिका'चा प्रश्न तिरका आहे. हाच स्वभाव पुरुषात दिसला की आपण 'जमदग्नीचा अवतार' किंवा 'दुर्वास' म्हणतो, म्हणजे थेट ऋषिपद देतो. रागाला पुरुषाच्या बाबतीत तेज आणि बाईच्या बाबतीत राक्षसीपण, असा हा भेद शब्दांतच बसलेला आहे. संपादकाने वाक्यात पुरुष घालून पाहावं. तोच राग पुरुषाचा असता तर लेखकाने कोणतं नाव वापरलं असतं? उत्तर वेगळं येत असेल तर 'संतापी' हा साधा शब्द सुचवावा.

आणखी एक काळजी. अमेरिकेत 'अंकल टॉम' हे गोऱ्यांपुढे लाचारी करणाऱ्या कृष्णवर्णीयाला दिलेलं अपमानाचं नाव आहे. १८५२ च्या मूळ कादंबरीतला टॉम पळून गेलेल्या दोन स्त्रियांचा ठावठिकाणा सांगायला नकार देतो आणि त्यासाठी मार खाऊन मरतो. पुढच्या नाटकी प्रयोगांनी त्याला लाचार केलं. अनुवादात हा शब्द आला तर तो 'प्रेमळ टॉमकाका' करू नये. तिथे शिवी आहे, शिवीच कळायला हवी.

प्रश्न : मी कथा लिहिते. आपल्या पात्राचं नाव लोकांच्या तोंडी बसावं असं वाटतं. त्यासाठी काय करता येईल?

ठरवून होईलच असं नाही, पण काय केल्याने होत नाही ते सांगता येतं.

गुणाचं नाव देऊ नका. कंजूष माणसाचं आडनावच 'कवडे' ठेवलं की वाचकाला करण्यासारखं काही उरत नाही. नाव आणि गुण यांची गाठ वाचकाने बांधली पाहिजे. नाव दोन ते चार अक्षरांचं, सहज उच्चारता येणारं, पण शेजारीपाजारी नसलेलं हवं. ठेवण्यापूर्वी त्याला 'ने', 'ला', 'चा', 'आंनी' लावून मोठ्याने म्हणून पाहा. 'तळीरामांनी' जिभेवर घसरतं. अनेकवचन करताना जीभ अडखळली तर ते नाव बोलण्यात टिकत नाही.

गुण सांगू नका, एक कृती द्या आणि ती निदान तीन वेगवेगळ्या प्रसंगांत घडू द्या. एकदा घडली तर प्रसंग, दोनदा घडली तर सवय, तिसऱ्या वेळी वाचक पुढचं आधीच ओळखतो. त्या ओळखण्यातच नाव शब्द व्हायला लागतं. लग्नघरात सगळी कामं अंगावर घेणारा, प्रत्येकाला हवा असणारा आणि कार्य उरकल्यावर कुणाच्या लक्षात न राहणारा माणूस प्रत्येकाने पाहिलेला होता. पु. ल. देशपांड्यांनी त्याला 'नारायण' म्हटलं आणि माणूस नावासकट ओळखता यायला लागला. इथे नाव अगदी प्रचलित होतं, म्हणजे आमचा वरचा नियम मोडला. म्हणूनच तो आजही एकटा फारसा येत नाही, 'लग्नातला नारायण' असा जागेसकट येतो.

आणि सर्वांत आधी, मराठीत जागा रिकामी आहे का ते पाहा. चुगलखोर, कंजूष, झोपाळू, रागीट या जागा भरलेल्या आहेत. पण निरोप वाचून मुद्दाम उत्तर न देणारा, प्रत्येक दुःखावर स्वतःचं मोठं दुःख काढून ठेवणारा, माफी मागता मागता समोरच्यालाच दोषी ठरवणारा, या माणसांना अजून नावं नाहीत. त्यांतला एक घ्या. पहिल्या मसुद्यात त्याला नाव देऊच नका, फक्त वागू द्या. घरातल्या कुणाला कथा वाचून दाखवा, आणि ऐकणाऱ्याने 'अरे, हा तर आपल्या अमक्यासारखा' असं म्हटलं, की मग नाव शोधायला बसा.